दोन पंचमांश

आगशीत तेओतोनच्या तावेर्नात
रविवारी दुपारी पुण्याची रेस लागते,
मोबाईल उराकाच्या बाटलीला टेकवून.
आमच्याकडे रेसकोर्स नाही, तबेला नाही,
कोलव्याच्या वाळूत पर्यटक फिरवणारी दोन-तीन तट्टं, बस्स.
पण रुझार आहे.
चाळीस वर्षं पुण्यात घोड्यांच्या घामात राहिला
आणि गुडघे तिथेच ठेवून गावी आला.

आज धावत होता सेकंड इनिंग.
बाप परदेशी, वय चार,
मानेत चिप, खोगिराखाली ठोके मोजणारा पट्टा,
पोहायला स्वतःचा तलाव,
पायांना बर्फ, चंदीचं वजन ठरवायला एक डॉक्टरीण.
शाणू म्हणाला, आज ब्लू लँटर्नचा विक्रम मोडतो बघा.

ब्लू लँटर्न.
इथे तिला एकट्या रुझारने पाहिलेलं,
पाठ मात्र सगळ्यांना आहे:
कुमाईत घोडी, कपाळावर वाकडा टिळा,
पाठीवर साठ किलो, टापांखाली सप्टेंबरचा चिखल,
दहा फर्लांग,
दोन मिनिटं, चार सेकंद आणि दोन पंचमांश.
मी शाळेत गणित शिकवायचो.
मुलांना पंचमांश कळेना की
हीच घोडी फळ्यावर पळवायचो.

सेकंड इनिंग शेवटच्या वळणावर सुटला,
असा, की बाकीचे कुणी बांधून ठेवलेत वाटावं.
मग पडद्यावर आकडा:
दोन, चार, एक्कावन्न शतांश.
अकरा शतांशांनी हुकला.

तावेर्नात जल्लोष.
आता कुठे तसली हाडं!
यांचे पाय काचेचे, तीन रेसा धावले की निवृत्त.
जुन्या घोड्यांना पाऊस माहीत होता.
कुणी तर थेट होरमुझच्या गलबतांपर्यंत गेला:
अरबी घोडे इथंच उतरायचे, जुवारीच्या काठाला,
ओहोटीच्या गाळात पोटापर्यंत,
आणि रेसच्या सगळ्या घोड्यांचे मूळ बाप तर तीनच,
त्यांचा एखादा चुलता आपलं खारं गवत खाऊन गेला असणार.
या नात्यावर तेओतोनने एकेक ग्लास फुकट दिला.

रुझारने त्याचा उचलला नाही.

रात्री त्याला घरी सोडताना,
चोरीसवाल्याच्या बंद दुकानापाशी तो थांबला.
"मास्तर, त्या दिवशी टायमकीपर मानशेरजींना ताप होता.
घड्याळ माझ्या हातात दिलं.
बावीस वर्षांचा मी.
पहाटे तिला मीच फिरवायचो,
माझ्या खिशातला गूळ तिला दुरून कळायचा.
ती येताना दिसली, कान पाडलेले,
आणि माझा अंगठा तिच्या आधी पोचला."

किती आधी?

"एक श्वास."
थोडं चालून म्हणाला,
"अर्धा. कोण मोजणार?"

मी मोजला.
सवय आहे, जात नाही.
अकरा शतांशात पापणीसुद्धा पुरती मिटत नाही,
अर्ध्या श्वासात सेकंड इनिंग
आठ-दहा हात पुढे निघून जातो.

पुलावरून ट्रक जात होते.
रुझार कुंपणाला धरून उभा,
उजवा अंगठा मुठीत दाबलेला,
पन्नास वर्षांनी आवरल्यासारखा.
"त्या पोराला कुणीतरी सांगायला पाहिजे," म्हणाला,
"जिंकलास म्हणून."
मग लगेच, जवळजवळ रागाने,
"पण साठ किलो, मास्तर. आणि चिखल."

तावेर्नाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलंय:
२ मि. ४ २/५ से.
शेजारी तेओतोनने काढलेली घोडी, थोडी कुत्र्यासारखी.
माझ्या सदऱ्याच्या खिशात अजून खडू असतो,
बोटांना पुसायची सवय आहे.

रविवारी जातो.
त्या भिंतीला पाठ करून बसतो.